घोडं कुठं पेंड खातंय?

मागे एका मीटिंगमध्ये चाळीस मिनिटं बसलो आणि बाहेर येऊन वही बघितली तर आत एकच ओळ, "पुढच्या मीटिंगची वेळ ठरवणे". बाकी चाळीस मिनिटं अलाइनमेंट झालं, सिनर्जी झाली, दोन गोष्टी ऑफलाइन घेतल्या गेल्या, एकीवर सर्कल बॅक करायचं ठरलं आणि कुणाकडे तरी बँडविड्थ नव्हती. सगळे शब्द कळले हो, काम कुणी करायचंय तेवढं कळलं नाही.

माझ्या शेजारी जी बसते तिला मी हे सांगितलं तर ती म्हणाली, "अरे, मराठीत म्हणून बघ, लगेच कळतं कोण काय लपवतंय ते." आणि तिथून आमचा उद्योग सुरू झाला. आता तीनेक महिने झाले, आमच्या दोघांची एक शीट आहे, डावीकडे ऑफिसात ऐकलेला शब्द, उजवीकडे त्याचा आमचा मराठी अवतार. शुद्ध मराठीवाल्यांनी फार आशेने वाचू नका, "प्रकल्प समन्वय बैठक" छापाचं भाषांतर त्यात एकही नाही कारण त्याने झोप तेवढीच येते. आमचा नियम एकच, घरात चिडल्यावर जे तोंडातून निघेल तेच लिहायचं.

सुरुवात सोपी होती. बँडविड्थ नाही, म्हणजे डोकं खाजवायला फुरसत नाही. बँडविड्थ हा रेडिओ आणि सिग्नलवाल्यांचा शब्द, तो माणसांना कधी चिकटला कोण जाणे, पण डोकं खाजवायला फुरसत नाही म्हटलं की समोरचा निदान हसतो तरी. लेट्स टेक इट ऑफलाइन, म्हणजे बासनात गुंडाळू. सर्कल बॅक, म्हणजे ये रे माझ्या मागल्या. पिव्होट म्हणजे घूमजाव, यावर चर्चासुद्धा झाली नाही. सिनर्जीसाठी मी "हातमिळवणी" लिहिलं होतं, तिने ते खोडून "साटंलोटं" केलं आणि ज्या दोन डिपार्टमेंटांबद्दल आम्ही बोलत होतो ती बघता तिचंच बरोबर होतं.

स्टेकहोल्डरला दोन दिवस लागले. भागधारक म्हटलं की शेअर बाजार डोळ्यासमोर येतो, संबंधित म्हटलं की सरकारी फाईल. मग तिलाच सुचलं, मानकरी! ज्यांना कामातलं काही करायचं नसतं पण विचारलं नाही तर जे रुसून बसतात ते. "सगळ्या मानकऱ्यांना विचारलंत का?" हे वाक्य एकदा मनात म्हणून बघा आणि मग आपल्या मेलमधली सीसीची रांग बघा. (सीसीला आमच्याकडे "साक्षीला ठेवणे" म्हणतात.)

एस्कलेट करणे हा माझा सगळ्यात आवडता. मोठी माणसं, हुद्दे वगैरे असलेली, गंभीर चेहऱ्याने म्हणतात, "देन आय विल हॅव टू एस्कलेट." याचं मराठी आपण सगळे सहा वर्षांचे असल्यापासून बोलतोय, "थांब, नावच सांगतो तुझं!" बस. ॲज पर माय लास्ट मेल, म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. मल्टिटास्किंग, एक ना धड भाराभर चिंध्या. फीडबॅक सेशन, कानउघाडणी. आणि अलाइनमेंट म्हणजे री ओढणे, कारण मी आजवर जितकी अलाइनमेंट बघितली त्यात एक जण बोलत होता आणि बाकीचे नंदीबैल होते, मी धरून.

मधेच मला नाद लागला की हे शब्द मुळात आले कुठून. टच बेस (थोडं बोलून घेऊ) आणि बॉलपार्क फिगर (अंदाजे आकडा) दोन्ही बेसबॉलचे, आमच्या मजल्यावर बेसबॉलची बॅट हातात धरलेला एक माणूस दाखवा. स्क्रम रग्बीतला, जिथे धिप्पाड माणसं डोकी खाली घालून एकमेकांना रेटतात, 1986 साली दोन जपानी प्राध्यापकांनी नवं प्रॉडक्ट कसं बनवावं यावरच्या लेखात रग्बीची ही उपमा वापरली आणि पुढे सॉफ्टवेअरवाल्यांनी उचलली. रोज सकाळी उभ्या उभ्या कामाच्या आढाव्याची जी छोटी मीटिंग चालते ती बघता "रेटारेटी" हे भाषांतर मला अगदी शास्त्रशुद्ध वाटतं. पिंग करणे जरा गोड आहे, पाणबुडी शोधणाऱ्या सोनार यंत्राच्या आवाजावरून 1983 मध्ये एका छोट्या प्रोग्रामला ते नाव दिलं होतं, पलीकडचा कंप्युटर जिवंत आहे का बघायला. म्हणजे कुणी "तुला पिंग करतो" म्हणालं की तो खरंतर विचारतोय, आहेस का रे अजून? आम्ही तिथे "हाक मारणे" लिहिलं, त्यात विनोद काही नाही पण शब्द छान आहे म्हणून राहू दिला.

डेडलाइनने मात्र हसू घालवलं. अमेरिकेतल्या यादवी युद्धात, 1864 मध्ये, अँडरसनव्हिलच्या कैद्यांच्या छावणीत भिंतीच्या आत एक कुंपणाची रेघ होती, ती ओलांडली की वरून पहारेकरी गोळी घालायचा. ती डेड लाइन. "सॉफ्ट डेडलाइन" म्हणणाऱ्यांना हे कुणीतरी सांगायला हवं.

आणि डाउनसायझिंग! हा शब्द सत्तरच्या दशकात अमेरिकेत मोटारींसाठी होता, गाड्यांचा आकार लहान करायचा म्हणून, मग तो माणसांवर आला, मग तोही टोचायला लागला तेव्हा राइटसायझिंग आलं, म्हणजे जणू आधी आपला साईझच चुकीचा होता. मराठीत याला नारळ देणे म्हणतात. दोन शब्द, कुणी दिला, कुणाला दिला, सगळं स्पष्ट. म्हणूनच ते कुठल्या प्रेझेंटेशनमध्ये येणार नाही, "या तिमाहीत आपण बारा जणांना नारळ देत आहोत" अशी स्लाइड करायला छाती लागते.

असो. तर खरी गंमत व्हायची ती शेवटी झालीच. एक काम तीन आठवडे अडकलेलं, रोज रेटारेटीत तेच, "देअर इज अ ब्लॉकर", "वी आर वर्किंग थ्रू द ब्लॉकर", "ब्लॉकर इज बीइंग लुक्ड ॲट". कोण लुक करतंय ते गुलदस्त्यात. शीटवर ब्लॉकरसमोर काय लिहिलंय ते मला तोंडपाठ होतं आणि त्या दिवशी झोप कमी झालेली, माईक चालू आहे हे लक्षात नव्हतं, आणि मी बऱ्यापैकी मोठ्याने म्हणालो, "अरे पण घोडं नक्की कुठं पेंड खातंय?"

शांतता. शेजारी ती टेबलाखाली काहीतरी पडल्यासारखी वाकली. मग टेस्टिंगमधला एक मुलगा, जो गेल्या तीन आठवड्यांत "नो अपडेट्स फ्रॉम माय साइड" सोडून काही बोलला नव्हता, तो म्हणाला, "सरांच्या मेलबॉक्समध्ये. अप्रूव्हल मागितलंय, सात तारखेपासून पडलंय."

सर कॉलवरच होते. कॅमेरा बंद होता हे आमचं नशीब. काही सेकंद नुसता टाइप करण्याचा आवाज आला, मग सर म्हणाले, "हं. दिलं." आणि तीन आठवड्यांचा ब्लॉकर खल्लास. मला वाटलं आता आपली कानउघाडणी, पण सर म्हणाले, "अजून काय काय पेंड खातंय ते एकदाच सांगा." तेव्हा ती टेबलाखालून वर आली आणि म्हणाली, "सर, भिजत घोंगडी बरीच आहेत, यादी करून पाठवते."

पाठवली. तीच चूक झाली. सरांना शब्द फार आवडला. दोन आठवड्यांत प्रोजेक्ट ट्रॅकरमध्ये "भिजत घोंगडं" नावाचा कॉलम आला, मग त्याला लाल-पिवळा-हिरवा रंग आला, मग लांब पडतं म्हणून त्याचं "बीजी" झालं. काल एक जण मला म्हणाला, "ते बीजी आयटम्स क्लोज करायला माझ्याकडे बँडविड्थ नाहीये, सर्कल बॅक करू का?" मी मान डोलावली.

शीटमध्ये डावीकडे आज एक नवीन शब्द टाकलाय, बीजी. उजवीकडची जागा रिकामी आहे, तिला काही सुचेना, मलाही सुचेना, आणि दर मंगळवारी अकरा वाजता "बीजी सिंक-अप" चं इन्व्हाइट आलंय, सगळ्या मानकऱ्यांसकट.