आरएस 1: मागचं टोक अखेर बसलं

माझ्या आरएस 1 या नौकेच्या मॉडेलची उजव्या बाजूची सातवी फळी काल रात्री सांगाड्याच्या आठव्या फ्रेमवरून (फ्रेम म्हणजे आडवी बरगडी) पुढे गेली, नवव्या-दहाव्यावर अंग टेकलं आणि सुकाणूच्या खांबातल्या खाचेत जाऊन गप बसली. क्लॅम्प आवळावा लागला नाही, तडाही गेला नाही. मागच्या नोंदींमधले फोटो ज्यांनी पाहिलेत त्यांना याची किंमत कळेल. मी तर दिवा बंद करून झोपायला गेलो आणि परत उठून बॅटरीच्या उजेडात ती फळी पाहून आलो.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगतो. मॉडेल आहे कॉलिन आर्चरने बांधलेल्या आरएस 1 या बचाव-नौकेचं, स्केल 1:20. मूळ बोट नॉर्वेतल्या लार्विक गावी 1893 मध्ये पाण्यात उतरली. ती 14 मीटरपेक्षा किंचित लांब आहे, म्हणजे आपलं मॉडेल साधारण 70 सेंटीमीटरचं. दोन्ही टोकं निमुळती, मागे सपाट पाठ नाहीच. सोलापुरात ज्याने माग पाहिलाय त्याला वेगळं सांगायला नको, धोट्याचाच आकार.

दिसायला हा आकार सोपा वाटतो, पण फळ्या चढवायला लागलं की घाम काढतो. सपाट पाठीच्या बोटीत फळी मागे जाऊन मोकळी सुटते. इथे प्रत्येक फळीला दोनदा वळायचं, दोनदा पिळायचं आणि दोन्हीकडे खाचेत शिरायचं असतं. नाळेकडची, म्हणजे पुढच्या टोकाची, बाजू मला कधी जड गेली नाही. अडायचं ते मागच्या बाजूला, आठव्या फ्रेमनंतर. फळी आठव्यावर टेकायची, नवव्यावर उचललेली राहायची. दाबून बसवली की वरची कड बाहेर डोकवायची आणि रात्रीतून आठव्याच्या अगदी जवळ उभा तडा जायचा. गारबोर्डचं, म्हणजे कीलला (तळाच्या कण्याला) लागून असलेल्या सर्वांत खालच्या फळीचं, तर विचारूच नका.

तड्यांचा दोष सगळ्यांनी आपल्या हवेला दिला, आणि त्यात चूक काही नाही. एप्रिल-मे मध्ये सोलापुरात पारा चाळिशी ओलांडतो, हवा इतकी कोरडी की भिजवलेली पट्टी क्लॅम्पपर्यंत नेईस्तोवर वाळायला लागते. म्हणून मी पट्ट्या ओल्या टॉवेलात गुंडाळून ठेवल्या, काम पहाटे हलवलं, खोलीत कुलर लावून ओलावा वाढवला. सागवान सोडून शिवण घेतली. (याबद्दल माझं मत पक्कं झालंय: दोन मिलिमीटरच्या पट्टीला शिवणीसारखं लाकूड नाही. हलकं, सरळ रेषेचं, आणि वाळल्यावर फारसं हलत नाही. सागवान डेकला ठेवा.) गोंद बदलला, साध्या फेविकॉलवरून मरीनवर आलो. तडे थोडे कमी झाले, पण जागा तीच.

वाट दाखवली ती वखारीतल्या मिस्त्रीमामांनी. मी तुटलेल्या पट्ट्यांची मोळी घेऊन दुसरं लाकूड मागायला गेलो होतो. मामांनी एकेक पट्टी हातात घेऊन तडे शेजारी शेजारी लावले आणि म्हणाले, "दादा, समद्या एकाच जागी तडकायलालेत. लाकडाचा दोष असता तर कुठंबी तडकलं असतं. आत सांगाड्यात बघा." लाकूड काही त्यांनी दिलं नाही.

सांगाडा तर मी बॅटन (वळण तपासायची लवचिक बारीक पट्टी) लावून पुन्हा पुन्हा पाहिला होता. आठव्यावर बॅटन जरा ताठ वळायची, एवढंच. "आठ नंबर घासून टाक" असा सल्लाही मला दोघांनी दिला होता. तो मी ऐकला नाही, कारण आठवी फ्रेम बोटीच्या सर्वांत भरलेल्या भागाला लागून आहे. ती घासली की आर्चरची बोट राहत नाही. मागे निमुळत्या होत जाणाऱ्या आकाराची गंमत अशी की एखादी फ्रेम थोडी अरुंद असली तरी ती निमुळतेपणात खपून जाते. डोळा फसतो, बॅटनही फसते.

मग आठवण झाली ती खुद्द आर्चरचीच. हा माणूस शिकून झालेला नौका-रचनाकार नव्हे. 1832 साली लार्विकमध्ये जन्म, आईवडील स्कॉटलंडहून तिथे येऊन राहिलेले. तरुणपणी तो ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडला गेला, भावांबरोबर मेंढ्यांच्या धंद्यात होता. तिथून 1860 च्या दशकाच्या सुरुवातीला गावी परतला आणि मग स्वतः वाचून, आकडेमोड करून, घरच्या किनाऱ्यावर बोटी बांधून शिकला. जहाजांना बंदरात वाट दाखवणाऱ्या वाटाड्यांच्या बोटी तेव्हा एकीवर एक फळी चढवून केलेल्या असत आणि वादळात माणसं जात. आर्चरने त्यांना कडेला कड लावून बसवलेल्या फळ्या दिल्या, नीट डेक दिला आणि कीलखाली लोखंडाचं वजन बांधलं. 1921 मध्ये वारला तोवर त्याच्या हातून दोनशेच्या आसपास बोटी झाल्या होत्या. नॉर्वेचा शोधक नान्सेन ध्रुवाकडे घेऊन गेला ते फ्राम जहाज त्यातलंच.

त्याने 1870 च्या दशकात एक सिद्धांत मांडला. स्कॉट रसेल या जहाज-रचनाकाराने त्याआधी लाटांचे आकार बोटीच्या पाणरेषांना (पाण्याच्या पातळीवर दिसणाऱ्या तिच्या कडेच्या रेषांना) लावून पाहिले होते. आर्चर म्हणाला, रेषांना नको, पाण्याखालच्या क्षेत्रफळाला लावा. बोट आडवी कापत जा, प्रत्येक कापाचं पाण्याखालचं क्षेत्रफळ मोजा आणि त्यांचा आलेख काढा. नाळेपासून सर्वांत भरलेल्या कापापर्यंत आलेखाने व्हर्स्ड साइनचं (1 वजा कोसाइनचं) वळण घ्यावं, तिथून मागे ट्रोकॉइडचं (घरंगळत्या चाकावरचा ठिपका काढतो तसलं). लाटांविषयीचं ते गणित पुढे मागे पडलं. पण आपल्यासारख्यांसाठी त्याचा एक उपयोग कायमचा राहतो आणि तो कुठल्याही मॉडेलच्या पुस्तकात मला दिसला नव्हता. आर्चर आपल्या बोटी या वळणाने आखायचा. मग तुमच्या फ्रेमांचा आलेख या वळणावर बसला नाही, तर तुमची फ्रेम आर्चरची नाही. डोळ्याला जे दिसत नाही ते आलेखात उघडं पडतं.

आता क्षेत्रफळ मोजायचं कसं? आलेख-कागदावर चौकोन मोजता येतात, पण पाण्याखालचा भाग खाली वाइनच्या पेल्यासारखा आत वळलेला, काठावरचे अर्धेमुर्धे चौकोन मोजताना डोकं फिरतं. त्याऐवजी मी एकाच तावातल्या जाड पुठ्ठ्यावर प्रत्येक फ्रेमचा पाणरेषेखालचा आकार काढला, धारदार कटरने कापला आणि सगळे तुकडे घेऊन शाळेतल्या मित्राच्या सराफी पेढीवर गेलो. पुठ्ठा सगळीकडे सारखा जाड असेल तर वजन म्हणजेच क्षेत्रफळ. त्याचा काटा ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवतो. मित्राने काचेचं झाकण लावलं, पंखा बंद केला आणि एकेक तुकडा चिमट्याने उचलून ठेवला. सोनं तोलताना जेवढी काळजी घेतो तेवढीच. मध्येच एका गिऱ्हाइकाने विचारलं काय तोलताय, तर त्याने अभिमानाने सांगितलं, "जहाज."

घरी येऊन आलेख काढला. नाळेपासून सातव्या फ्रेमपर्यंत ठिपके वळणावर असे बसले की मीच थक्क झालो. सातवी 3.42 ग्रॅम, आठवी 3.31, तीही वळणावर. नववी वळणाप्रमाणे 2.98 हवी होती, भरली 2.86. दहावी 2.46 हवी, भरली 2.36. अकरावी, बारावी, सगळ्या खाली, आणि सगळ्या सारख्याच प्रमाणात: शेकडा चारने. एखादी फ्रेम वाकडी कापली गेली असती तर एक ठिपका खाली गेला असता. इथे नवव्यापासून अख्खी ओळ खाली होती.

नववी फ्रेम म्हणजे जिथे नकाशाचा दुसरा कागद सुरू होतो ती.

नकाशा मोठा करून घेतला तेव्हा तो दोन कागदांवर आला होता. दुसऱ्या कागदावरच्या चौकटीला पट्टी लावली. चौकोन 50 मिलिमीटरचे असायला हवेत. उंचीला 50 बरोबर, रुंदीला 48. छपाईच्या यंत्रात कागद ओढला जाताना त्या दिशेने आकसला होता. उंची बिनचूक असल्यामुळे फ्रेमा कीलवर नीट बसल्या, डेकची रेषाही सुरेख आली, म्हणून कुणालाच संशय आला नाही. फक्त अंग आवळलं गेलं होतं. नवव्या फ्रेमला डेकजवळ एका बाजूला चार मिलिमीटरपेक्षा किंचित जास्त. आठव्या आणि नवव्यामध्ये फळीला न मागितलेली उडी मारावी लागत होती. मामांचे तडे नेमके तिथेच.

दुकानाचं नाव लिहीत नाही. पण मोठे नकाशे छापणाऱ्यांनी पट्टी लावून दाखवल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत, हे माझं मत. बिल्डिंगच्या नकाशात आकडे लिहिलेले असतात, तिथे चालून जातं. आपण रेषेवरून कापतो.

दुरुस्ती अशी केली. आठव्याच्या मागच्या सगळ्या फळ्या काढल्या. ओलं फडकं ठेवून वरून इस्त्री टेकवली की गोंद सैल होतो, मग बोथट सुरी सरकवायची. फ्रेमा बदलल्या नाहीत. कडेला शिवणीच्या पातळ पट्ट्या चिकटवून भर दिली, डेकजवळ जास्त, कीलकडे जाता जाता शून्य. चूक रुंदीच्या प्रमाणात असल्यामुळे भरही त्याच प्रमाणात. तेराव्या फ्रेमला कागदाएवढीच लागली. मग सँडिंग, मग बॅटन. यावेळी बॅटन आठव्यावर ताठली नाही. उजवी बाजू सातव्या फळीपर्यंत आली, डावीवर भर देऊन झालीय.

एक छोटा आनंद अजून. डेकवरच्या कप्प्या मी जुन्या मागाच्या मोडक्या धोट्याच्या लाकडातून कापल्या. वर्षानुवर्षं सुतातून धावून ते लाकूड असं गुळगुळीत आणि घट्ट झालंय की एक मिलिमीटरचं भोक पाडताना कड फुटत नाही. शिडांसाठी तलम सुती धोतराचं कापड चहाच्या पाण्यात बुडवून वाळत घातलंय. शीडकापड बाहेरून मागवायची सोलापुरात गरज नाही.

मॉडेल पाण्यात उलटू नये म्हणून खाली लावायच्या वजनाचं ठरत आलंय. ज्यांनी विचारलं होतं त्यांच्यासाठी: बोट वीसपट लहान केली की वाऱ्याचा कलवणारा जोर तेवढा लहान होत नाही जेवढी बोटीची सावरण्याची ताकद लहान होते. शिवाय मॉडेलला लागणारा वाऱ्याचा वेग स्केलच्या वर्गमुळाने गुणून पाहायचा, आणि 20 चं वर्गमूळ जवळजवळ साडेचार. म्हणजे संभाजी तलावावरची दहा नॉटची झुळूक या मॉडेलला पंचेचाळीस नॉटचं वादळ. म्हणून पाण्यात जाताना खाली काढता-घालता येणारी खोल कील लागेल, टोकाला शिसं. टायरवाल्यांकडे चाकं बॅलन्स करायची जुनी वजनं मिळतात, ती वितळवणार आहे, उघड्यावर, तोंडाला नीट मास्क लावून. मांडणीत ठेवताना ती कील काढून टाकायची.

आता पुढचं. आरएस 1 नंतर फ्राम करायचं असं मी जाहीर केलं होतं. बर्फाने आवळलं की चिरडण्याऐवजी वर उचललं जावं म्हणून गोल पोटाचं बांधलेलं ते जहाज मला अजूनही खुणावतं. पण हा आलेख काढताना वाटलं, आर्चरच्या रेषा आपल्या किनाऱ्याला लागल्याच आहेत की! अमेरिकेत विल्यम अ‍ॅटकिनने आर्चरच्या बचाव-नौकेवरून लहान करून 32 फुटांची एरिक ही बोट आखली. त्याच नकाशावरून मुंबईत, कुलाब्याला, आपल्या सुतारांनी सागवानात सुहेली बांधली. तिच्यातून रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन एकट्याने, कुठेही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा करून 22 एप्रिल 1969 ला फालमथला पोचला. ती करणारा तो पहिला. लार्विकच्या वाटाड्यांसाठी सुरू झालेला आकार मुंबईच्या सुतारांच्या वाकसाखाली आला आणि जग फिरून आला. आपल्या मॉडेलवाल्यांपैकी कुणीच तिला अजून हात लावलेला नाही, हे मला पटत नाही.

तेव्हा फ्राम मागे, सुहेली पुढे. स्केल 1:12 धरला तर लांबी 81 सेंटीमीटरच्या आसपास येते, तलावावर हाताळायला सोयीची. आरएस 1 च्या फ्रेमांचे पुठ्ठे मी जपून ठेवलेत. एरिकचे कापून तोलले की दोघींचे आलेख एकावर एक ठेवून पाहायचेत. अ‍ॅटकिनने लहान करताना आर्चरचं वळण कुठे ठेवलं आणि कुठे सोडलं, ते त्यात दिसेल. खरं सांगायचं तर बोट बांधण्याइतकीच मला त्या आलेखाची ओढ लागलीय.

आधी मात्र डावी बाजू. आणि ज्यांनी माझ्याकडून आरएस 1 च्या नकाशाची प्रत नेली होती त्यांनी नववी फ्रेम कापण्याआधी दुसऱ्या कागदावरचा एक चौकोन आडवा मोजा. 48 आला तर मला कळवा, बिनचूक प्रत काढून ठेवलीय.