निवळी

आठवीत चुन्याच्या निवळीत नळीने फुंकायचा प्रयोग होता. निवळी दुधाळ झाली की उच्छ्वासात कार्बन डायऑक्साइड असल्याचं सिद्ध. वहीत आकृती काढा, सुटलात. मी फुंकतच राहिलो. गाल दुखायला लागले आणि परीक्षानळीतल्या दुधाचं हळूहळू परत पाणी झालं. सर म्हणाले, "नळी घाण असणार तुझी. दुसरी घे."

नळी स्वच्छ होती. आधीच्या फुंकरीने झालेली चुनखडी नंतरच्या फुंकरीने विरघळवली होती, हे पुढे कधीतरी वाचलं. आणि एवढ्याशा करामतीने एक अख्खं पठार पोखरलंय, हे त्याहून उशिरा कळलं.

त्या पठाराचं नाव क्रास. इटलीतल्या त्रिएस्तेच्या डोक्यावर, बरंचसं स्लोव्हेनियात. पावसाचं पाणी हवेतून, आणि त्याहून जास्त मातीतून, कार्बन डायऑक्साइड उचलतं, किंचित आंबट होतं आणि चुनखडीच्या फटींतून उतरताना दगड खात जातं. मग वर पाणी टिकतंय कशाला! रेका नावाची नदी (रेका म्हणजे नदीच, नाव ठेवायचे कष्टही घेतले नाहीत) श्कोत्सियानच्या गुहांत गडप होते, ती जवळपास ४० किलोमीटरवर, इटलीत, तिमावो म्हणून वर येते. मधल्या गावांनी मात्र पागोळ्यांचं पाणी साठवून दिवस काढले.

क्रासचं जर्मन रूप कार्स्ट. योव्हान त्स्वियिच या सर्बियन भूगोलतज्ज्ञाने १८९३ साली व्हिएन्नात या भूरूपांवरचा प्रबंध छापला आणि पठाराचं विशेषनाम सामान्यनाम होऊन बसलं, आपल्याकडे डालडाचं झालं तसं. मला त्यातल्या बारक्या शब्दांची जास्त गंमत वाटते. दोलिना म्हणजे साधी दरी, पोल्ये म्हणजे शेत. दगड विरघळून पडलेल्या खळग्यांच्या, म्हणजे दोलिनांच्या, तळाशी तांबडी माती साचायची, तिथे लोक भाजीपाला लावायचे. त्या शेतकऱ्यांचे शब्द आता कुठल्याही देशातल्या चुनखडीबद्दल लिहिताना शास्त्रज्ञांना वापरावे लागतात.

आमच्या सोसायटीला बोअरचं पाणी. खाली सह्याद्रीचा काळा दगड, चुनखडी नव्हे, तरी चुना उतरतोच. पाणी उकळलं की कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि विरघळलेल्या चुन्याचा परत दगड होतो. किटलीच्या तळाला त्याचा पांढरा, खरखरीत थर बसलाय. काल त्यावर अर्धं लिंबू पिळलं आणि कान लावला. बारीक फसफस येत होती. बायको म्हणाली, "चहा टाकतोयस की नाही?"