मैत्रीजवळच्या एका दगडाचं चित्र

दिल्लीत एम्समध्ये वैद्यकीय तपासणी, मग औलीला भारत-तिबेट सीमा पोलिसांकडे बर्फावरचं प्रशिक्षण, मग केपटाऊनहून विमानाने अंटार्क्टिका. हे सगळं नीट पार पडलं. मी अडले ती पुढे, एका दगडापाशी.

शिर्माखर ओअॅसिस म्हणजे बर्फातून डोकं वर काढलेला सुमारे ३५ चौरस किलोमीटरचा खडकाळ पट्टा. आपलं मैत्री केंद्र १९८९ पासून तिथे आहे. माझं काम खडकांवरच्या लायकेनची नोंद करायचं. गोड्या मसाल्यात आपण दगडफूल घालतो, त्याचीच ही भावंडं. पण इथलं दगडफूल खरवडून आणायचं नसतं. १९९१च्या माद्रिद करारानं त्याला संरक्षण आहे, आणि ते वाढतंही फार सावकाश. नमुने परवान्यापुरते, मोजके. बाकीचं जागेवरच टिपायचं. फोटो काढत होतेच, पण अंबिलिकेरिया या लायकेनच्या पाठीवरच्या बारीक जाळीदार घड्या त्यात सपाट दिसायच्या. म्हणून चित्र काढायचं ठरवलं.

पहिल्या दिवशी जलरंग नेले. वारा सुटलेला होता. कुंचला कागदावर टेकेपर्यंत पाण्याचे स्फटिक व्हायला लागले आणि रंग ओरखड्यांसारखा उमटला. दुसऱ्या दिवशी शाईचं पेन घेतलं, तीही गोठली. जाड हातमोज्यांत रेघ जमेना आणि मोजे काढले की काही मिनिटांत बोटं बधिर. फार निराश झाले होते.

तेव्हा एडवर्ड विल्सन आठवले. रॉबर्ट स्कॉटच्या अंटार्क्टिका मोहिमांमधले हे डॉक्टर, प्राणिशास्त्रज्ञ आणि चित्रकार. ते बाहेर फक्त पेन्सिलीनं रेखाटन करत, रंगांची नावं त्यावरच लिहून ठेवत आणि रंगकाम मुक्कामाला परतल्यावर. बर्फाच्या लखलखाटात उघड्या डोळ्यांनी चित्रं काढून त्यांना हिमांधत्वाचा भयंकर त्रास झाला होता. म्हणून मी गॉगल क्षणभरच काढायचे, रंग पाहायचे, नाव लिहायचे आणि पुन्हा चढवायचे.

नावं आपोआप मराठीत आली. पारवा, काजळी, भाजलेलं खोबरं. इंग्रजी रंगपट्टीतल्या आकड्यांपेक्षा संध्याकाळी मला ‘भाजलेलं खोबरं’ जास्त अचूक आठवायचं.

पहिलं चित्र आमच्या गटातल्या ज्येष्ठ मॅडमना दाखवलं. त्या म्हणाल्या, “सुंदर आहे, पण किती मोठं आहे हे मला कसं कळणार? आणि वारा कुठून येतो?” त्यानंतर प्रत्येक चित्रात मोजपट्टी आणि दिशेचा बाण आला. बाण काढता काढताच ध्यानात आलं, की माझ्या दगडावरचे लायकेनचे जवळजवळ सगळे ठिपके आग्नेयेकडून येणाऱ्या वाऱ्याच्या आडोशाला होते. त्याच दगडाचे फोटो मी आठवडाभर काढत होते, तरी हे दिसलं नव्हतं.

कुंचला धुतलेलं पाणी मी बाटलीत साठवायचे. ते खडकांवर ओतायचा विचारही मनाला शिवला नाही.

त्या एका दगडावर माझे १९ दिवस गेले. परतीचं विमान हवामानामुळे ठरल्यापेक्षा लवकर निघालं, आणि चित्राची उजवी बाजू रंगवायची राहिली. तिथे दोन ठिपक्यांत अजून पेन्सिलीनं ‘पारवा’ एवढंच लिहिलेलं आहे.