सकाळी डोळा ठीक, रात्री पापणी खाली: मायस्थेनियाचं निदान होईपर्यंतचा माझा अनुभव

सुरुवात डाव्या पापणीपासून झाली. सकाळी काहीच नाही, दुपारनंतर जड व्हायची आणि रात्री टीव्हीवरचा माणूस दोन-दोन दिसायचा, एक डोळा झाकला की परत एकच. डोळ्यांच्या डॉक्टरांची अपॉइंटमेंट नेमकी सकाळची, तिथे सगळं व्यवस्थित, मग चष्म्याचा नंबर बदलून दिला, विश्रांती घ्या म्हणाले आणि असेच चार महिने गेले. मलाच वाटायला लागलं की मी उगाच बाऊ करतेय.

मुलगी एकदा म्हणाली, आई तुझा डोळा बघ, अर्धा मिटलाय, आणि फोटो काढला. मग रोज सकाळी आठ आणि रात्री आठ असे फोटो ती काढतच राहिली. माझ्या मते निदान खरं तिथून सुरू झालं.

न्यूरोलॉजिस्टनी फोटो बघून मला मान न हलवता वर छताकडे बघत राहायला सांगितलं. मिनिटभरात पापणी आपोआप उतरायला लागली, सकाळचे अकरा वाजले होते तरी! मग ग्लोव्हमध्ये बर्फ भरून मिटलेल्या डोळ्यावर दोन मिनिटं धरला, काढला तर पापणी चांगली वर. नर्व्हमधून येणारं अॅसिटिलकोलीन स्नायूवरच्या रिसेप्टरला लागलं की स्नायू हलतो, मायस्थेनिया या आजारात आपल्याच अँटीबॉडी (शरीराची संरक्षक प्रथिनं) त्या रिसेप्टरवर हल्ला करतात आणि गारव्याने तो सिग्नल थोडा वेळ सुधारतो, असं त्यांनी समजावलं.

रक्ताची अँटीबॉडी टेस्ट निगेटिव्ह आली. मला वाटलं सुटले, पण ते म्हणाले आजार फक्त डोळ्यांपुरता असला तर साधारण निम्म्या लोकांत ही निगेटिव्हच येते. मस्क नावाच्या स्नायूवरच्या दुसऱ्या प्रथिनाविरुद्धची अँटीबॉडीपण निगेटिव्ह. नर्व्हला सेकंदाला तीन असे हलके शॉक देऊन करतात ती टेस्टही नॉर्मल, त्यात स्नायूच्या प्रतिसादाचं रीडिंग 10 टक्क्यांहून जास्त घसरलं तर पॉझिटिव्ह धरतात. त्या रात्री खूप रडले, कारण त्रास तर रोज होतोय आणि रिपोर्टमध्ये काहीच नाही.

शेवटी सिंगल फायबर ईएमजी, म्हणजे एकेका स्नायूतंतूतले विजेचे सिग्नल सुईने मोजायची टेस्ट. कपाळात बारीक सुई आणि भुवई जराशीच उचलून धरायची, जास्त नाही कमी नाही, ते फार अवघड जातं, मधेमधे थांबवून पुन्हा सुरू करत होते. यात मात्र पकडलं गेलं, दोन स्नायूतंतूंना सिग्नल पोचण्याच्या वेळेतलं अंतर दर वेळी जे थोडंसं कमी-जास्त होतं, ज्याला जिटर म्हणतात, ते माझ्यात बरंच वाढलेलं होतं.

नंतर छातीचा सीटी, कारण 10 ते 15 टक्के पेशंटमध्ये छातीतल्या थायमस ग्रंथीची गाठ सापडते. माझा क्लिअर आला, थायरॉइडही ठीक.

मग पायरिडोस्टिग्मिन हे मायस्थेनियाचं औषध सुरू झालं, त्याच्या पहिल्या गोळीनंतर पाऊण तासात पापणी वर आली. कुणाला असं होत असेल तर शक्यतो संध्याकाळची अपॉइंटमेंट मागा, नाहीतर फोटो-व्हिडिओ वेळेसकट घेऊन जा. आणि गिळताना ठसका लागायला लागला, आवाज नाकातून यायला लागला किंवा श्वास पुरेना झाला तर अपॉइंटमेंटची वाट बघू नका, सरळ इमर्जन्सीत जा.