तुम्ही विचारलंत म्हणून: इतक्या वर्षांनी गेममध्ये परत जाऊन काही कळतं का?

हा प्रश्न मला आता इतक्या जणांनी विचारलाय की एकदाच नीट लिहून टाकते. ऑफिसमधला एक जण डबा खाताना विचारतो, आतेभाऊ व्हॉट्सॲपवर विचारतो, आमच्या सोसायटीतल्या एका काकूंचा मुलगा लिफ्टमध्ये विचारतो. शब्द वेगळे, प्रश्न तोच, की ताई तुम्ही गिल्ड वॉर्स २ परत सुरू केलात म्हणे, एवढी वर्षं बंद होता, आता जाऊन काही कळतं का, आणि तिथे आपल्यासारख्यांना कोण विचारतं.

पहिल्या भागाचं उत्तर सोपंय. नाही, सुरुवातीला काहीही कळत नाही. दुसऱ्या भागाचं मोठं आहे आणि माझ्या मते खरा प्रश्न तोच आहे, कारण न कळणं दोन-चार संध्याकाळीत जातं, पण आपण आल्याने कोणाची अडचण होतेय असं वाटलं की माणूस परत फिरकत नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. अरीनानेट नावाच्या अमेरिकन स्टुडिओचा हा पीसीवरचा ऑनलाइन रोल-प्लेइंग गेम, २८ ऑगस्ट २०१२ ला आला. एकदा विकत घ्यायचा, महिन्याची फी नाही, आणि २०१५ पासून तर मूळ गेम काही मर्यादा ठेवून फुकटच आहे. मी तेव्हा कर्वेनगरात पीजी म्हणून राहत होते, पहिली नोकरी होती, आमचा पुण्यातला ग्रुप आणि नाशिकचा एक जण असं मिळून रात्री जेवणं झाली की हेडफोन लावून बसायचो. मग २०१६ नंतर हळूहळू बंदच पडलं. कोणाचं लग्न, कोणी बेंगळुरूला, मला मुलगी झाली, आम्ही वारज्याला शिफ्ट झालो. भांडण नाही, कंटाळा नाही, नुसतं राहून गेलं. मागच्या पावसाळ्यात नवीन लॅपटॉप घेतला आणि एका रविवारी दुपारी मुलगी झोपलेली असताना गेम डाउनलोडला टाकला.

माझी जुनी मेस्मर (भ्रम निर्माण करणारी जादूगार, माझं कॅरेक्टर) होती तशीच होती. टपाल भरलेलं. या गेममध्ये तुमच्या प्रत्येक कॅरेक्टरचा वाढदिवस असतो, ज्या दिवशी ते बनवलं त्या दिवशी दरवर्षी भेट येते, तर मी नसतानाच्या सगळ्या भेटी तिथे येऊन पडल्या होत्या आणि मला ते बघून फार बरं वाटलं, खरंच. मग बॅगा उघडल्या. बॅगांमध्ये शंभर प्रकारच्या वस्तू आणि त्यातली निम्मी कशाची हेच आठवेना. परत येणारे निम्मे लोक इथेच गेम बंद करतात, मी पाहिलंय. म्हणून सांगते, बॅगांना पहिल्या दिवशी हातच लावू नका. मटेरियल्स सगळी एका बटनाने स्टोरेजला जातात तेवढं करा, बाकी विकू नका, फोडू नका, नंतर बघता येतं.

खरा धक्का स्किल्सचा असतो. २०१५ मध्ये ट्रेट्सची, म्हणजे कॅरेक्टरचे गुण निवडायची, पद्धत बदलली, मग बऱ्याच एक्सपान्शनबरोबर (गेममध्ये नंतर विकत घ्यायची मोठी भर) नवीन एलिट स्पेशलायझेशन, म्हणजे तेच कॅरेक्टर खेळायच्या नव्या तऱ्हा, आली, आणि २०२३ च्या ऑगस्टमधल्या सीक्रेट्स ऑफ द ऑब्स्क्युअर या एक्सपान्शनपासून रेलिक नावाचा एक नवाच स्लॉट आला. आधी चिलखताच्या सहा तुकड्यांत सहा रून्स (ताकद वाढवणारे खडे) एकसारखे लावले की सहाव्याचा मोठा बोनस मिळायचा, तो काढून त्याच्या जागी हे रेलिक. म्हणजे २०१६ चं माझं चिलखत होतं तसं चालत होतं पण एक जागा रिकामी होती आणि मला त्याचा पत्ताही नव्हता. रोजची कामं द्यायची जुनी पद्धतसुद्धा गेली, तिच्या जागी विझार्ड्स व्हॉल्ट नावाची नवी यादी आली.

पण आता जे टिकलं ते ऐका. लेव्हलची मर्यादा २०१२ मध्ये ८० होती आणि आजही ८० च आहे. २०१२ च्याच नोव्हेंबरमध्ये असेंडेड नावाचा सामानाचा टप्पा आला आणि त्याच्या वरच्या आकड्यांचा टप्पा त्यानंतर कधी आणलेलाच नाही. लेजंडरी नावाच्या सगळ्यात दुर्मिळ सामानाचे आकडेसुद्धा तेवढेच, फक्त ते हवे तसे बदलता येतात. बाकी बऱ्याच गेम्समध्ये नवीन एक्सपान्शन आलं की जुनं सगळं सामान भंगारात, तुम्ही दोन वर्षं नव्हतात तर दोन वर्षांचा डोंगर आधी चढा आणि मग मित्रांबरोबर खेळा. इथे डोंगर नाही. मी जिथे सोडलं तिथेच उभी होते आणि तिथून खेळता येत होतं.

तरी मी पहिल्याच आठवड्यात व्हर्डंट ब्रिंकमध्ये मेले. हा हार्ट ऑफ थॉर्न्स या पहिल्या एक्सपान्शनचा पहिला मॅप, जंगल, रात्र झाली की भयंकर अवघड होतो. मी मरून पडलेली, आणि एक कोणीतरी अनोळखी माणूस शेजारची आपली लढाई सोडून पळत आला, मला उठवलं, आणि चॅटमध्ये विचारलं की नवीन आहेस का. म्हटलं, नाही, परत आलेय बऱ्याच वर्षांनी. तर त्याने लढाई संपल्यावर तिथेच थांबून मला रेलिकचं सगळं समजावून सांगितलं, कुठलं घे, कुठून घे, आणि गेला. आभार मानेपर्यंत गेला सुद्धा.

हा माणूस चांगला होता यात वादच नाही. पण अशी माणसं याच गेममध्ये मला सारखी का भेटतात याचा मी खूप विचार केलाय आणि मला उत्तर सापडलंय असं वाटतं. इथे दुसरा आला म्हणून तुमचं काही कमी होत नाही. राक्षस कोणी आधी मारला याला अर्थ नाही, ज्याने पुरेसा हात लावला त्या प्रत्येकाला त्याचा त्याचा वाटा. खाणीतलं खनिज, झाडाचं लाकूड प्रत्येकाला वेगळं, एकाने तोडलं म्हणून दुसऱ्याचं संपत नाही. माणसं वाढली की इव्हेंट आपोआप मोठा होतो. पडलेल्याला कोणीही उठवू शकतं, त्याला हीलरच (इतरांना बरं करणारा खेळाडू) असायला लागत नाही, आणि उठवणाऱ्याला अनुभवाचे पॉइंट मिळतात. २०१२ च्या आधीच्या बऱ्याच मोठ्या गेम्समध्ये पहिला वार ज्याचा त्याची शिकार हा सरळ नियम असायचा, म्हणून मॅपवर दुसरा खेळाडू दिसला की पोटात गोळा यायचा, आला आता हा वाटेकरी. इथे दुसरा दिसला की बरं वाटतं. पंगतीत उशिरा आलेल्याला पान मांडून देताना आधी बसलेल्याचं पान कोणी उचलत नाही, तसं आहे हे.

म्हणून कोणीही विचारलं की अमुक गेममध्ये परत जाऊ का, तर मी ग्राफिक्स, स्टोरी, किती जीबी वगैरे काही विचारत नाही. एकच विचारते, तू आलास तर तिथल्यांना त्याचा त्रास होतो का फायदा? जिथे ग्रुपमध्ये घ्यायच्या आधी तुमच्या सामानाचे आकडे तपासतात, तिथे परत येणारा माणूस बिचारा ओझंच असतो, कितीही हुशार असला तरी.

आता लोक म्हणतात की परत जायचं म्हणजे जुन्या दिवसांत जायचं. तेही असतं, आणि त्यासाठी खास केलेले गेम्स आहेत. ओल्ड स्कूल रूनस्केप २०१३ मध्ये आला तो ऑगस्ट २००७ च्या बॅकअपमधून उभा केलेला, वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट क्लासिक २०१९ मध्ये आला, तोही जुना गेम जुन्या रूपात. ज्यांना त्यात आनंद मिळतो त्यांना मिळो, पण मला ते नकोय. मला माझं २०१२ नकोय, कर्वेनगरची ती खोली पण नकोय, मला आज रात्री नऊ ते साडेदहा जो वेळ मिळतो त्यात खेळायचंय. गिल्ड वॉर्समध्ये तर जुनं मिळणारही नाही, कारण तिथलं जगच बदलतं. लायन्स आर्च हे त्यातलं मोठं बंदर, आम्ही सगळे तिथे भेटायचो, ते २०१४ च्या फेब्रुवारीत गोष्टीतच उद्ध्वस्त झालं आणि २०१५ मध्ये नवीन बांधलं. त्या वेळी जे तिथे होते त्यांनी ते पडताना पाहिलं. ज्या गोष्टीत ते पडलं तो लिव्हिंग वर्ल्डचा (हप्त्याहप्त्याने येणाऱ्या गोष्टीचा) पहिला सीझन पुढे कित्येक वर्षं खेळताच यायचा नाही, २०२२ मध्ये कायमचा परत आणला.

सगळं गोड आहे असं नाही. लिव्हिंग वर्ल्डचे नवीन भाग येत होते तेव्हा ज्यांनी त्या काळात लॉगिन केलं त्यांना ते फुकट मिळाले, ज्यांनी नाही केलं त्यांना विकत घ्यायला लागतात. गेममधलं सोनं देऊन जेम्स, म्हणजे गेमच्या दुकानातलं चलन, घेता येतात हे खरं, पण परत येणाऱ्याला हे टोचतंच आणि टोचायला हवं. नसलेल्या माणसाला दंड का? फायनल फॅन्टसी १४ चा दिग्दर्शक नाओकी योशिदा उघडपणे सांगतो की सुट्टी घ्या, दुसरे गेम खेळा, नवीन काही आलं की या परत, आणि मला तो माणूस त्यासाठी फार आवडतो, पण त्याच गेममध्ये ४५ दिवस घरमालक आपल्या घरात फिरकला नाही तर घर पाडतात. जागा कमी, घरं हवी असणारे जास्त, कारण समजतं मला. कोविडमध्ये ते पाडणं काही काळ थांबवलंही होतं. तरी बाळंतपणात किंवा घरातल्या आजारपणात ४५ दिवस कुठे जातात कळतसुद्धा नाही हो.

बरं, पुण्यातून खेळायचं तर कसं, हे पण सगळे विचारतात. भारतात सर्व्हर नाही. मी युरोप घेतलाय, माझ्याकडे पिंग (सर्व्हरपर्यंत जाऊन यायला लागणारा वेळ) दीडशे मिलिसेकंदांच्या आसपास असतो, डॉज, म्हणजे वार चुकवायची उडी, वेळेवर बसतो. अमेरिकेपेक्षा युरोपच घ्या, शिवाय तिथल्या लोकांची संध्याकाळ आणि आपली रात्र साधारण जुळते. रोजचा रीसेट, म्हणजे रोजची कामं आणि बक्षिसं नव्याने सुरू होण्याची वेळ, भारतीय वेळेप्रमाणे पहाटे साडेपाचला होतो, म्हणजे आपला अख्खा दिवस एकाच रीसेटमध्ये बसतो, हे अमेरिकेतल्यांना मिळत नाही, त्यांचा संध्याकाळीच कट होतो. आठवड्याचा रीसेट सोमवारी दुपारी एकला. वर्ल्ड बॉसेस, म्हणजे सगळ्यांनी मिळून मारायचे मोठे राक्षस, ठरलेल्या वेळी येतात आणि आपल्याकडच्या वेळा इतक्या सोयीच्या आहेत की काय सांगू. रात्री सव्वानऊला क्वीन्सडेल या सुरुवातीच्या मॅपवर शॅडो बेहेमथ, साडेनऊला स्पार्कफ्लाय फेनमध्ये टेक्वाटल नावाचा ड्रॅगन. टेक्वाटल २०१३ मध्ये मुद्दाम अवघड केला होता, पंधरा मिनिटांत मारायचा, तोफा सांभाळायला माणसं लागतात. आता लोकांना तो इतका पाठ आहे की तुम्ही नुसते जाऊन कमांडरच्या (लढाई चालवणाऱ्या खेळाडूच्या) टॅगजवळ उभे राहिलात तरी शिकता. मुलगी नऊला झोपते, कुकर-भांडी आवरून झालेली असतात, मी दोन्ही बॉस करते, कधी अजून काहीतरी, आणि साडेदहाला बंद. गुरुवारी लाईटचं काही सांगता येत नाही म्हणून त्या दिवशी मोठं काही हातात घेत नाही.

नवीन कॅरेक्टर बनवू का जुनंच वापरू? बहुतेक जण म्हणतील नवीन बनवा, हात बसेल. माझं मत उलट आहे. जुनंच घ्या आणि क्वीन्सडेलला जा. कमी लेव्हलच्या मॅपवर गेलात की गेम तुमची ताकद त्या मॅपच्या लेव्हलला खाली आणतो, त्यामुळे तिथे चुकलात तरी चालतं, ८० लेव्हलचे लोक नवीन लोकांबरोबर तिथे रोज असतातच, आणि तुमचे जुने वेपॉइंट्स (झटकन पोचायच्या जागा) उघडे राहतात. डॉज, वेपन स्वॅप (हत्यार बदलणं) आणि हील (स्वतःला बरं करणं) एवढं बोटांत आलं की मग जंगलात जा.

जुना ग्रुप परत आला का, हेही विचारता. गिल्डच्या, म्हणजे गेममधल्या आमच्या गटाच्या, यादीत सगळ्यांची नावं अजून आहेत. नाशिकवाला आला, त्याला मीच फोन करून सांगितलं, आता शनिवारी आम्ही दोघं आणि त्याची बायको खेळतो, ती आमच्यापेक्षा बरी खेळते. बाकीचे नाही आले, येतील असं मी धरूनही चाललेले नाही. सुरुवातीला त्यांच्याशिवाय मजा येईल का अशी मला शंका होती. पण टेक्वाटलला पन्नास-साठ लोक असतात आणि त्यातला एकही माझ्या ओळखीचा नसतो आणि तरी तो पडला की सगळे एकदम चॅटमध्ये आनंद करतात आणि मीही करते, आणि तो आनंद पूर्ण असतो, अर्धा नसतो.

तर आतेभावासाठी आणि लिफ्टमधल्या मुलासाठी, फुकटचं अकाउंट काढलंत तरी मानव कॅरेक्टर घेतलंत की क्वीन्सडेल उघडं असतं. युरोप निवडा. शनिवारी सव्वानऊच्या दहा मिनिटं आधी या, पोर्टल्स (राक्षस बाहेर येतात ती दारं) बंद करायची असतात बेहेमथच्या आधी, आणि जवळच्यांना दिसणाऱ्या साध्या चॅटमध्ये मराठीत हाक मारा, मी किंवा नाशिकवाला कोणीतरी असतोच.