खाडीकाठी मांजर सोडण्याआधी

नेरूळ, सीवूड्स, ऐरोली, कोपरी. ठाणे खाडीला लागून असलेल्या सोसायट्यांमध्ये मांजरांच्या तक्रारी वाढल्या की एक ठरलेला तोडगा निघतो. पोतं आणायचं, पिल्लं त्यात भरायची आणि कांदळवनाच्या कडेला सोडून यायचं. ‘तिकडे मासे खाऊन जगतील’ म्हटलं की सगळे मोकळे. वाडग्यातलं खाण्याची सवय असलेलं पिल्लू चिखलात मासे पकडत नाही. बरीचशी उपासमारीने किंवा कुत्र्यांच्या तोंडी जातात. जी तगतात ती उंदीर, सरडे आणि जमिनीवर घरटं करणाऱ्या पक्ष्यांवर तगतात. जगभरच्या बेटांवर मांजर पोचलं ते याच वाटेने, कुणाच्या तरी सोयीसाठी.

मॅरियन बेटाचं उदाहरण बघा. दक्षिण आफ्रिकेच्या ताब्यातलं, हिंदी महासागराच्या पार दक्षिणेला असलेलं सुमारे २९० चौरस किलोमीटरचं हे बेट. तिथल्या हवामान केंद्रात उंदरांचा उच्छाद झाला म्हणून १९४९ मध्ये पाच पाळीव मांजरं आणली. १९७५ पर्यंत ती दोन हजारांवर गेली होती आणि वर्षाला साडेचार लाखांच्या आसपास पेट्रेल पक्षी मारत होती. पाचांची दोन हजार व्हायला लागली फक्त सव्वीस वर्षं.

पेट्रेल हा समुद्रावर जगणारा पक्षी. जमिनीवर येतो तो फक्त विणीसाठी, तोही रात्री, आणि घरटं जमिनीतल्या बिळात करतो. पाय पोहण्यासाठी बनलेले, त्यामुळे जमिनीवर चाल अगदीच गबाळी. पिल्लू बिळात एकटं पडून असतं आणि आईबाप खाणं आणायला कित्येक दिवस समुद्रावर गेलेले असतात. लाखो वर्षं त्या बेटावर चार पायांचा एकही शिकारी नव्हता. त्यामुळे मांजर बिळाच्या तोंडाशी येऊन बसलं तर पळायचं असतं, हे त्या पक्ष्याला ठाऊकच नाही.

पण खरा घात होतो तो आकड्यांत. पेट्रेल वर्षाला एकच अंडं घालतो. ते गेलं तर बहुधा त्या वर्षाची वीण गेली. पिल्लू वयात यायला काही वर्षं लागतात. मांजरी पाच-सहा महिन्यांची झाली की वयात येते, ६३ ते ६५ दिवसांत विते, एका वेताला तीन-चार पिल्लं देते आणि ती दूध पीत असतानाच पुन्हा गाभण राहू शकते. म्हणून पक्ष्यांना धोका किती, हे मांजरांची डोकी मोजून कळत नाही. मेलेल्या पक्ष्याची जागा भरायला त्या जातीला किती वर्षं लागतात, ते बघावं लागतं. बेटांवरच्या पक्ष्यांचं उत्तर जवळपास नेहमी ‘फार’ असंच असतं. बेटांवर पक्षी, सस्तन प्राणी आणि सरपटणाऱ्या प्राण्यांच्या ज्या जाती संपल्या, त्यांत मांजरांचा हात किती हे २०११ मध्ये एका संशोधनात तपासलं गेलं. जगभरात नामशेष झालेल्या अशा जातींपैकी किमान १४ टक्क्यांत तो दिसला.

मॅरियनवरची मांजरं काढायला काय लागलं तेही सांगण्यासारखं आहे. १९७७ मध्ये मांजरांच्या पॅनल्यूकोपेनियाचा विषाणू मुद्दाम सोडला. आपण पिल्लांना ज्या रोगाची लस टोचून घेतो, तोच हा रोग. पाच वर्षांत संख्या सहाशेच्या आसपास आली आणि तिथेच अडली, कारण उरलेल्यांत प्रतिकारशक्ती तयार झाली होती. मग १९८६ पासून रात्री प्रकाशझोत टाकून बंदुकीने शिकार, त्यानंतर सापळे आणि विषाची आमिषं. १९९१ मध्ये शेवटचं मांजर संपलं. एवढं करून आता त्याच बेटावर उंदीर अल्बाट्रॉस या मोठ्या समुद्रपक्ष्याची पिल्लं जिवंत कुरतडतात. ज्या उंदरांसाठी मांजरं आणली होती, तेच हे उंदीर.

इथे क्रमाला फार महत्त्व आहे. न्यूझीलंडच्या हौतुरू बेटावरून १९८० मध्ये मांजरं काढली, पण उंदीर राहिले. कुक्स पेट्रेलच्या विणीचं यश वाढेल अशी अपेक्षा होती, ते उलट घसरलं; मांजरांचा धाक गेला आणि उंदरांना अंडी-पिल्लं मोकळी मिळाली. २००४ मध्ये उंदीर गेल्यावरच पक्षी सावरले. ऑस्ट्रेलियाच्या मॅक्वारी बेटावर मांजरं संपल्यावर सशांनी बेटाचं गवत खाऊन टाकलं. ‘मांजर हटवा, पक्षी वाचवा’ हे घोषवाक्य म्हणून ठीक आहे, कामाची योजना म्हणून अपुरं.

अटलांटिक महासागरातल्या असेन्शन बेटाची गोष्ट आपल्याला जास्त जवळची, कारण तिथे माणसांची वस्ती आहे आणि लोकांची पाळीव मांजरंही होती. १८१५ पासून मांजरं आली आणि समुद्रपक्षी मुख्य बेट सोडून शेजारच्या एका खडकावर गेले. भटकी मांजरं काढायची मोहीम सुरू झाली तेव्हा पाळीव मांजरांची नसबंदी करून त्यांच्यात ओळखीची चिप बसवली. तरीही मोकळी फिरणारी कित्येक घरची मांजरं मोहिमेत चुकून मेली आणि लोक संतापले. भटकं कोणतं आणि घरचं कोणतं, ते सापळ्याला कळत नाही. पण २०१२ मध्ये तिथल्या फ्रिगेट या समुद्रपक्ष्याने पावणेदोनशेहून अधिक वर्षांनी मुख्य बेटावर घरटं केलं.

आता ठाणे खाडी. खाडी हे बेट नव्हे आणि इथले पक्षी भोळे नाहीत. मुंगूस, कोल्हा, रानमांजर यांच्या सोबतीने ते वाढलेत. टिटवी उघड्या खडीवर बहुधा चार अंडी घालते, मांजर दिसलं की आरडाओरडा करत डोक्यावर झेपावते आणि घरटं उद्ध्वस्त झालं तर पुन्हा अंडी घालते. फ्लेमिंगो इथे वीण करतच नाहीत. ते चरायला येतात, भरतीच्या वेळी पाणथळीत उभे राहतात आणि मांजराच्या आवाक्यातला तो पक्षीही नाही. त्यामुळे मांजरांमुळे फ्लेमिंगो घटले असं कुणी म्हणालं तर सरळ दुर्लक्ष करा. पाणथळीवर पडणारा भराव आणि मोकाट कुत्री हे इथले मोठे प्रश्न. पण भराव पडून पडून शेकाट्या, चिखल्या, टिटवी अशा जमिनीवर घरटं करणाऱ्या पक्ष्यांच्या वाट्याला सडकेच्या आणि इमारतींच्या मध्ये अडकलेले तुकडेच उरलेत, आणि अशा तुकड्यात बेटाचं गणित लागू पडायला लागतं. एका तुकड्यात चार घरटी असतील तर त्या हंगामाची वाट लावायला दोन मांजरं पुरतात. त्याच तुकड्यात आपण पोतं नेऊन रिकामं करतो.

शिवाय पोत्याने सोसायटीचाही प्रश्न सुटत नाही. कचराकुंडी आणि खाणं जागेवरच असतं, त्यामुळे रिकामी जागा बाहेरची, नसबंदी न झालेली मांजरं भरून काढतात. उपाय नसबंदीचाच, आणि तो झटपट. दहांपैकी चार मांजरांची करून थांबलात तर वर्षभराने फरक दिसत नाही. आठ-नऊ झाल्या पाहिजेत, तेही एका विणीच्या आत.

नसबंदीसाठी मांजर पकडायचा पिंजरा अडीच-तीन फूट लांब हवा, आत पायपट्टी (पाय पडला की दार पाडणारी पट्टी) असलेला. आधी आठवडाभर ठरलेल्या वेळी, ठरलेल्या जागी खाऊ घाला. शेवटचे तीन-चार दिवस पिंजऱ्याचं दार तारेने उघडं बांधून आतच खाणं ठेवा. तळाला वर्तमानपत्र घाला, जाळीवर पाय टाकायला मांजरं बिचकतात. पकडायच्या आधी मोठ्या मांजराला बारा तास खाणं बंद, पाणी चालू. लहान पिल्लांना इतकं उपाशी ठेवायचं नाही, रक्तातली साखर उतरते. त्यांचं डॉक्टरांना विचारून ठरवा. भाजलेला बांगडा किंवा सुकट पायपट्टीच्या पलीकडे, अगदी मागे ठेवा. पट्टीच्या अलीकडे ठेवलंत तर मांजर मान लांब करून खातं आणि निघून जातं. दार पडल्याबरोबर पिंजऱ्यावर जुनी चादर टाका, अंधार झाला की धडपड थांबते. हाताने दुसऱ्या पिंजऱ्यात हलवायच्या फंदात पडू नका.

बेत फसतो तो बहुतेक वेळा माणसांमुळे. बाराव्या मजल्यावरच्या काकू त्याच रात्री दूधभात घालतात आणि पोट भरलेलं मांजर पिंजऱ्याकडे ढुंकूनही बघत नाही. सोसायटीच्या ग्रुपवर आदल्या दिवशी मेसेज टाकाच. आचळं गुलाबी, सुजलेली आणि भोवतालचे केस गेलेले दिसले तर ती दूध पाजतेय. आधी पिल्लं शोधा, नाहीतर ती पाच-सहा आठवड्यांची होईपर्यंत थांबा. शस्त्रक्रियेनंतर बोका एक दिवस, मांजरी दोन-तीन दिवस ठेवून मूळ जागीच सोडायची. भूल असतानाच डाव्या कानाचं टोक सेंटिमीटरभर कापून घ्या, म्हणजे तीच मांजरी पुन्हा पकडली जात नाही. रेबीजची लसही त्याच वेळी.

नसबंदीने पिल्लं थांबतात, शिकार थांबत नाही. पोट भरलेलं मांजरही शिकार करतं, कारण भूक आणि शिकार या त्याच्यासाठी दोन वेगळ्या गोष्टी आहेत. घरात आणून टाकलेला पक्षी दिसतो तेवढाच हिशेब धरू नका. अमेरिकेत मांजरांच्या गळ्यात कॅमेरे बांधून पाहिलं, तर मारलेल्यांपैकी साधारण चौथा हिस्साच घरी येत होता. घंटेवर विसंबू नका. २०२१ मध्ये इंग्लंडमध्ये झालेल्या चाचणीत घंटेचा ठळक फरक दिसला नाही. भडक रंगाच्या कापडी कॉलरने घरी आणलेले पक्षी सुमारे ४२ टक्क्यांनी घटले, मांसाचं प्रमाण जास्त असलेल्या खाण्याने एकूण शिकार ३६ टक्क्यांनी आणि रोज पाच-दहा मिनिटं खेळवल्याने २५ टक्क्यांनी. कॉलर घेतलीच तर ताण आला की सुटणारी घ्या. ग्रिलमध्ये अडकलेल्या पक्क्या कॉलरने गळफास बसतो.

घरचं मांजर घरातच ठेवणं हाच पक्का उपाय. कबुतरांसाठी लावलेली नायलॉनची जाळी पुरत नाही, ती दातांनी तुटते. ग्रिलला आतून एक इंची वेल्डमेश, म्हणजे जोडलेल्या तारांची धातूची जाळी, लावा. त्याच जाळीने मांजराचं वरच्या मजल्यावरून पडणंही वाचतं. बाहेरच्या मांजरांचं खाणं खाडीच्या भिंतीलगत घालत असाल तर ती जागा रोज पाच-सहा पावलं इमारतीकडे सरकवत न्या, एकदम हलवलीत तर मांजरं जुन्या जागीच बसून राहतात. अर्ध्या तासाने उरलेलं उचला. सांडलेल्या भाताला कावळे आणि कुत्री येतात, आणि टिटवीच्या घरट्याला त्या दोघांचा त्रास मांजरापेक्षा जास्त.