ब्रिकफील्ड्स सोडत का नाही? तुम्ही विचारलंत म्हणून

गणपती असो, दिवाळीचा फराळ असो की कुणाचं डोहाळजेवण, क्वालालंपूरमधली चार मराठी घरं एकत्र आली की हा प्रश्न येतोच. "अजून ब्रिकफील्ड्समध्येच? अगं, मॉन्ट कियाराला या की, आपली सगळी माणसं इकडेच आहेत." ब्रिकफील्ड्सला लिटल इंडिया म्हणतात, मग कुणीतरी तो ठरलेला जोक मारतं, भारत सोडून आलात आणि लिटल इंडियात जाऊन बसलात. मी हसते आणि "स्टेशन जवळ पडतं ना" म्हणून वाटीतला चिवडा संपवते. आता खरंच कंटाळा आलाय, म्हणून एकदाच काय ते सविस्तर.

स्टेशनचं खोटं नाहीये हां. मॉन्ट कियाराला स्टेशनच नाही, तुमचं अर्धं आयुष्य ग्रॅबच्या टॅक्सीची वाट बघण्यात जातं, आणि आमच्याकडे २००१ पासून केएल सेंट्रल हे मोठं स्टेशन आहे, आई येते तेव्हा एअरपोर्टवरून एक्स्प्रेसने २८ मिनिटांत घराजवळ पोचतो, पाऊस असो की ट्रॅफिक. मोनोरेल पण आहे, २००३ची, फक्त ती सेंट्रलला नीट जोडायला २०१४चा मॉल बांधून व्हावा लागला, तोवर लोक बॅगा घेऊन रस्ता ओलांडत होते. उगाच कौतुक करत नाही, उंदीर आहेत, कावळे आहेत, डबल पार्किंग तर विचारूच नका.

आणि लिटल इंडियाचं म्हणाल तर ती पाटी २०१०ची. मनमोहन सिंग आणि मलेशियाचे तेव्हाचे पंतप्रधान नजीब रझाक यांनी उद्घाटन केलं, आणि सांचीसारखं तोरण २०१५मध्ये मोदी आले तेव्हा लागलं. त्याआधी शंभरेक वर्षं ही वस्ती होतीच की. १८८१मध्ये आग आणि पूर दोन्हींनी शहराची वाट लावली, मग इंग्रजांनी विटा आणि कौलांचीच घरं बांधा म्हटलं, आणि इथली माती चांगली म्हणून भट्ट्या इथे लागल्या. नंतर रेल्वे आली, यार्ड आलं, सिलोनहून तमिळ कारकून आले, सिंहली लोकांनी १८९४ला बौद्ध विहार काढला. चर्चेस आहेत, चिनी देऊळ आहे, अंधांची संस्था १९५१ची, त्यामुळे पांढरी काठी घेऊन ऑफिसला निघालेली माणसं रोज दिसतात आणि त्यांच्यासाठी फुटपाथवर घातलेल्या उंचवट्याच्या पिवळ्या पट्टीवर कुणीतरी बाइक लावून गेलेलं असतं, ते पण रोज दिसतं. यात मला घरच्यासारखं वाटावं असं काय आहे सांगा. दुकानदार माझ्याशी तमिळमध्ये सुरू होतो, मी मान हलवते, तो वैतागून इंग्लिशवर येतो. संकष्टीला शक्ती विनायगरच्या देवळात जाते तिथेही आरती आपली नाही. म्हणजे "तिकडे तुम्हाला घरच्यासारखं वाटत असेल" हे तुमचं म्हणणं साफ चूक.

इथपर्यंत सगळ्यांना सांगते. पुढचं सांगत नाही.

आम्ही निघालो होतो ना. तुमच्या त्या भागातलाच कोंडो, नाव घेत नाही. फ्लॅट आवडला, बाल्कनीतून टेकडी दिसत होती, स्विमिंग पूल, मुलीसाठी खेळायला जागा, सगळं. एजंट गोड होता. एक महिन्याचं भाडं बुकिंग म्हणून भरलं, दोन महिन्यांचं डिपॉझिट आणि वरचं अर्ध्या महिन्याचं लाइट-पाण्याचं पण काढून ठेवलं होतं. मी पडद्यांची मापं घेऊन आले होते. मग एजंटने पासपोर्टची कॉपी मागितली, ती पाठवली, आणि त्यानंतर त्याचे मेसेज जरा लांब लांब यायला लागले. आधी "ओनर ट्रॅव्हलिंग". मग एका संध्याकाळी फोन आला, मी मोनोरेलच्या खाली उभी, वरून गाडी चाललेली, नीट ऐकू येईना, म्हणून मी त्याला परत बोलायला लावलं. तो म्हणाला, "मॅडम, यू कुक करी ऑर नॉट?" मला वाटलं गंमत करतोय. मी म्हटलं कुक करते, सगळेच करतात. तो म्हणाला, "हेवी कुकिंग आह?" आणि ऐका, मी चक्क सांगायला लागले की आम्ही फार तळण करत नाही, मसाले कमी, चिमणी लावून घेऊ, वीकेंडला बाहेरच खातो. रस्त्यात उभी राहून, मोठ्या कंपनीत टीम सांभाळणारी बाई, आमच्या फोडणीचा वास येत नाही हे मी एका मुलाला पटवत होते. तो बिचारा पाच मिनिटं ऐकत राहिला. शेवटी म्हणाला, "सॉरी आह मॅडम. ओनर डोन्ट वाँट इंडियन. नॉट मी, ओनर."

बुकिंगचे पैसे सगळे परत आले, त्यात काही फसवाफसवी नाही. तेच जास्त लागलं मला.

तुम्ही म्हणाल एक ओनर तसा निघाला तर काय एवढं, आम्हाला कुठे त्रास झाला. नसेल झाला. बऱ्याच जणांचं घर कंपनीने करून दिलेलं असतं, फोन एचआर करतं. आणि हो, भाड्याच्या जाहिरातीत कोण चालेल ते इथे लोक सरळ लिहितात, ही काही गुप्त गोष्ट नाही.

घरी येऊन मी नवऱ्यापुढे खूप बोलले. तो शांतपणे म्हणाला, "सासऱ्यांच्या कोथरूडच्या फ्लॅटच्या जाहिरातीत काय लिहिलंय आठवतंय?" म्हणजे माझ्याच बाबांच्या. लिहिलंय, "फक्त शाकाहारी कुटुंबास". मी म्हटलं ते वेगळं, ती सोसायटीची पद्धत, तिथे कुणाचा पासपोर्ट बघत नाहीत. तो म्हणाला, आडनाव बघतात. मला अजूनही वाटतं ते वेगळं आहे. काय वेगळं आहे ते त्या रात्री धड सांगता आलं नाही, आजही जमलं नसतं, पण कधीतरी सांगेन.

दुसऱ्या दिवशी घरमालकीण आँटींना सांगितलं की आम्ही कुठे जात नाही, करार वाढवा. त्या सिलोनी तमिळ, वडील रेल्वेत होते, बालपण हंड्रेड क्वार्टर्समध्ये गेलं, ती रेल्वेवाल्यांची जुनी घरं आता पाडली. कारण ऐकून त्यांनी जरासुद्धा आश्चर्य दाखवलं नाही. म्हणाल्या, तुझ्याकडे परत जायला देश आहे, माझा मुलगा इथे जन्मला, मी इथे जन्मले, त्यालाही हाच फोन येतो, तो काय करेल? मला काही सुचेना. मग चहा ओतता ओतता त्यांनी सांगितलं की वरच्या मजल्याची खोली त्यांनी बांगलादेशी पोरांना नाकारली, ते लोक दहा-दहा जण राहतात म्हणून. मी चहा प्यायले. भाडं वाढवू नका असं सांगायचं होतं, त्यामुळे बाकी काही बोलले नाही.

म्हणजे मी ब्रिकफील्ड्सच्या प्रेमात पडून राहिलेले नाही, आणि अपमान झाला म्हणून हट्टाने राहिलेय असंही अगदी नाही. काही दिवस वाटतं, बरं झालं, इथे निदान फोडणीचा हिशोब द्यावा लागत नाही. काही दिवस मुलगी विचारते की तिच्या सगळ्या मैत्रिणींच्या बिल्डिंगला पूल आहे मग आपल्या का नाही, आणि तेव्हा स्टेशन जवळ आहे हे उत्तर तिला देता येत नाही.

करार परत संपत आलाय. नवऱ्याने तुमच्याकडच्या दोन फ्लॅटच्या लिंक पाठवल्यात. मी म्हटलं बघू या, पण एजंटला फोन तूच करायचास, आणि पहिला प्रश्न हाच विचारायचास की ओनरला इंडियन चालतात का. पासपोर्ट, बुकिंग, पडदे सगळं त्यानंतर.